बालॲनिमेतले सवंगडी, आज्या आणि प्रतिस्पर्धी

जपानी बालॲनिमेतले नायक मूल बहुधा कशापासून तरी तुटलेले असते. हायडी अनाथ आहे. मार्कोची आई कामासाठी समुद्रापार गेली आहे. किकी तेराव्या वर्षी झाडूवर बसून परक्या शहरात येते आणि चिहिरोच्या आईवडिलांची डुकरे होतात. कथेने ही पोकळी मुद्दाम केलेली असते. तिच्यात मग आजोबा, शेजारीण, सवंगडी, वर्गातला दांडगट, बोलणारे मांजर अशी पात्रे येऊन बसतात. त्यांना सहपात्रे किंवा पूरक पात्रे म्हणतात. ती मुलाला मदत करतात, शिकवतात, धीर देतात आणि त्यामुळे मूल वाढते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. गेल्या पन्नास वर्षांतल्या गाजलेल्या मालिका आणि चित्रपट ओळीने पाहिले की ही समजूत तोकडी पडते. ज्या सहपात्राची स्वतःची काही नड असते आणि ती भागवण्याचे काम मुलाच्या अंगावर येऊन पडते, त्याच्या सहवासात मूल ठळकपणे वाढताना दिसते. नुसत्या मदतनिसांच्या गराड्यात ते होते तिथेच राहते.

रशियन अभ्यासक व्लादिमीर प्रॉप याने १९२८ साली परीकथांची मोडणी करताना सात प्रकारची पात्रे सांगितली होती. नायकाला जादूची वस्तू देणारा दाता आणि त्याच्यासाठी धावणारा साहाय्यक हे त्यांतले दोन. ॲनिमेत ही दोन्ही कामे पुष्कळदा एकाच पात्राकडे असतात. पोटाच्या खिशातून वस्तू काढून देणारा आणि नंतर स्वतःच निस्तरायला धावणारा डोरेमॉन हे त्याचे उघड उदाहरण. मात्र परीकथेतल्या साहाय्यकाला स्वतःचे आयुष्य नसते. काम उरकले की तो निघून जातो. ॲनिमे-मालिकेला ही चैन परवडत नाही. वर्षभर, दर आठवड्याला तिला त्याच पात्रांकडे परतावे लागते, आणि एवढ्या फेऱ्यांत पात्राला नातेवाईक, खोडी, दुखणी, अडचणी फुटतातच.

हे पहिल्यांदा नीट जमले ते ‘आल्प्सची मुलगी हायडी’ या १९७४ सालच्या मालिकेत. योहाना श्पिरी या स्विस लेखिकेची कादंबरी १८८० आणि १८८१ अशी दोन भागांत आली होती. इसाओ ताकाहाता यांनी तिचे ५२ भाग केले. दृश्यांची आखणी हायाओ मियाझाकी यांच्याकडे आणि पात्रांची रेखाटने योइची कोताबे यांच्याकडे होती. डोंगरावर एकटा राहणारा, गावाशी वैर धरलेला आजोबा नातीला वाढवतो एवढीच ही गोष्ट असती तर ती गोडगोड झाली असती. तिला वजन येते ते हायडीचा सवंगडी पीटर याच्या आंधळ्या आजीमुळे. आजीला कडक काळा पाव चावत नाही. फ्रँकफुर्टच्या श्रीमंत घरात हायडीला रोज मऊ पांढरे पाव मिळतात तेव्हा ती स्वतः न खाता ते कपाटात साठवू लागते, आजीसाठी. घराची व्यवस्था पाहणाऱ्या रोटेनमायरबाई कपाट उघडतात, शिळ्या पावांचा ढीग बघून कपाळाला हात लावतात आणि सगळे फेकायला लावतात. हायडीचे तोवरचे बरेच रडणे घराच्या ओढीचे होते. पाव गेल्यावरचे रडणे दुसऱ्या कोणासाठी आहे, आणि या मुलीत काय बदलले ते कोणी बोलून न दाखवता कळते. पुढे त्याच घरातल्या, चाकांच्या खुर्चीत बसणाऱ्या क्लाराची आजी तिला वाचायला शिकवते. डोंगरावर परतल्यावर त्या वाचनाचा उपयोग काय, तर आंधळ्या म्हातारीला वाचून दाखवणे. एका आजीने दिलेले दुसऱ्या आजीकडे पोचते. हायडी मधला दुवा असते.

कादंबरीतल्या आणि मालिकेतल्या पीटरमध्ये मोठा फरक आहे. मूळ पुस्तकात क्लाराच्या मत्सराने तो तिची चाकांची खुर्ची कड्यावरून ढकलून देतो. मालिकेतला पीटर असे काही करत नाही. तिथे खुर्ची क्लाराच्याच हातून सुटून मोडते. मालिकेने या ठिकाणी थोडी माघार घेतली असे म्हणावे लागते, कारण मैत्रीण वाटून घ्यावी लागली की मुले जळतात, आणि तो जळफळाट पीटरच्याही वाढीचा भाग झाला असता. त्याची भरपाई दुसरीकडे होते. क्लारा उभे राहायचा प्रयत्न सोडून देते तेव्हा हायडी, जी तोवर सगळ्यांशी गोडच वागली आहे, तिच्यावर संतापते, तिला भित्री म्हणते आणि रडत पळत सुटते. पाठीमागे क्लारा उभी राहिलेली असते. जपानी प्रेक्षकांच्या आठवणीत सगळ्यांत घट्ट बसलेला हा प्रसंग. इथे नायिका काही क्षण सहपात्राच्या जागी जाते आणि वाढ क्लाराची होते.

ताकाहातांच्या पुढच्या दोन मालिकांनी ही पद्धत आणखी ताणली. १९७६ सालच्या ‘आईच्या शोधात तीन हजार कोस’ या मालिकेचे मूळ म्हणजे एदमोंदो दे आमिचीस यांच्या १८८६ सालच्या पुस्तकातली एक छोटी कथा. जेनोआचा मार्को आईला शोधत अर्जेंटिनाला जातो. एवढ्याशा कथेचे ५२ भाग करायचे तर वाटेत माणसे पेरण्यावाचून इलाज नव्हता. पेप्पीनोची कळसूत्री बाहुल्यांची फिरती मंडळी आणि त्याची अबोल मुलगी फियोलिना ही अशीच पेरलेली. मालिकेच्या गरजेतून आलेली ही भर कथेला लाभली, असे प्रत्येक वेळी होत नाही. सर्वांत लक्षात राहतो तो कोर्दोबातला पाब्लो. हा तद्देशीय मुलगा मार्कोहूनही गरीब आहे. त्याची लहान बहीण हुआना आजारी पडते आणि मार्को आईकडे जाण्यासाठी जपून ठेवलेले गाडीभाड्याचे पैसे डॉक्टरला देऊन टाकतो. मार्को तोवर हट्टी, आपल्याच दुःखात बुडालेला, मदत घेताना कुरकुरणारा आहे. मालिकेने त्याचा हा कडवटपणा लपवला नाही, म्हणून ते पैसे देणे खरे वाटते.

१९७९ सालच्या ‘लाल केसांची ॲन’ या ५० भागांच्या मालिकेत ताकाहातांचा कॅमेरा ॲनइतकाच तिला सांभाळणाऱ्या मारिलाकडे असतो. ॲन अखंड बोलत राहते. टेबलापलीकडे मारिला काहीतरी शिवत किंवा भांडी आवरत एका कोरड्या वाक्यात तिचे पाणी करते. प्रेक्षक मुलाला ॲनची बाजू कळते, शेजारी बसलेल्या आईला मारिलाची. मारिलाचा भाऊ मॅथ्यू वारल्यावर आणि तिची दृष्टी अधू होऊ लागल्यावर ॲन पुढच्या शिक्षणाची शिष्यवृत्ती सोडून गावातच राहते. मुलगा मागवलेला असताना चुकून आलेली ही मुलगी आता त्या घराचा आधार झालेली असते.

मियाझाकींच्या चित्रपटांकडे वळले की वेळ कमी असतो, म्हणून सहपात्राची नड एखाद्या कृतीत मावावी लागते. ‘स्पिरिटेड अवे’ (२००१) मधला बॉयलरखोलीचा प्रसंग यासाठी बारकाईने पाहण्याजोगा आहे. दहा वर्षांची चिहिरो स्नानगृहात काम मागायला सहा हातांच्या कामाजीकडे येते. काजळीचे इवलेसे गोळे कोळसा डोक्यावरून भट्टीकडे नेत असतात. त्यांतला एक ओझ्याखाली चिरडला जातो आणि चिहिरो त्याचा कोळसा उचलते. उचलल्यावर तिला कळते, की तो भलताच जड आहे आणि आता ठेवायचा कुठे ते माहीत नाही. कामाजी तिला हाताशी धरत नाही. घेतलेले काम पुरे कर, एवढेच बजावतो. ती धडपडत कोळसा भट्टीत टाकते, तर मागे सगळे गोळे आपापला कोळसा अंगावर घेऊन चिरडल्याचे सोंग करू लागतात. विनोद आहेच, पण मदतीची जोखीमही त्यात आली. नंतर लिन नावाची कामकरीण चिहिरोला कामाजीचे आभार मानायला लावते, तेही खेकसून. आल्याआल्या प्रेमाने वागणारे या स्नानगृहात फारसे कोणी नाही. चिहिरोला तिथे जागा मिळते ती कामाने, आणि शेवटी मुखवट्याआडच्या ‘नो-फेस’ला त्या हावरट घरातून बाहेर काढून झेनिबा या म्हातारीच्या शांत झोपडीपर्यंत नेण्याचे काम तीच करते.

या चित्रपटातली स्नानगृहाची मालकीण युबाबा आणि हायडीतल्या रोटेनमायरबाई शेजारीशेजारी ठेवल्या तर एक साम्य दिसते. युबाबा चिहिरोच्या नावातली अक्षरे काढून घेऊन तिला ‘सेन’ करते. रोटेनमायरबाई हायडीला हट्टाने तिच्या बारशाच्या नावाने, आडेलहाइड म्हणून, हाक मारतात. बालॲनिमेतल्या चांगल्या खलपात्रांचे काम हेच: मुलाला ते होते तसे राहू न देणे. दोघींनाही काळीज आहे, हेही लक्षात घ्यावे. युबाबाचे तिच्या अवाढव्य बाळावर आंधळे प्रेम आहे आणि रोटेनमायरबाई आपल्या परीने घराची शिस्त सांभाळत असतात. दुष्टपणासाठी दुष्ट असलेले पात्र मुलाला फार तर पळायला शिकवते.

‘किकीज डिलिव्हरी सर्व्हिस’ (१९८९) हा चित्रपट एइको कादोनो यांच्या १९८५ सालच्या पुस्तकावर आधारलेला. बेकरीवाली ओसोनो किकीला माळ्यावरची खोली देते, पण फुकट नाही; गरोदर असल्याने तिला दुकानात हाताखाली कोणीतरी हवेच असते. जंगलात राहणारी चित्रकार उर्सुला किकीला सांगते, की चित्र जमेनासे झाले की ती चित्रे काढायचे थांबवते, फिरते, झोप काढते. किकी आणि उर्सुला या दोघींना मिनामी ताकायामा या एकाच अभिनेत्रीचा आवाज आहे. ऐकणाऱ्या मुलाला हे कळतेच असे नाही, पण उर्सुला म्हणजे आणखी काही वर्षांनंतरची किकी हा अर्थ त्या आवाजात दडलेला असतो. आणखी बोलका आहे जिजी या काळ्या मांजराचा प्रश्न. किकीची शक्ती आटते तेव्हा तिला जिजीचे बोलणे कळेनासे होते, आणि मूळ जपानी चित्रपटात शक्ती परतल्यावरही तो बोलत नाही. डिस्नेच्या १९९८ सालच्या इंग्रजी आवृत्तीत मात्र शेवटी त्याच्या तोंडी वाक्य घातले गेले. पहिल्या शेवटात किकी काहीतरी कायमचे मागे ठेवून मोठी झालेली असते, दुसऱ्यात गेलेले सगळे परत मिळते. सहपात्राच्या एका वाक्याने नायिकेच्या वाढीचा अर्थ किती फिरतो, ते इथे स्वच्छ दिसते.

‘माय नेबर तोतोरो’ (१९८८) मध्ये शेजारच्या आजीचे काम उलट दिशेचे आहे. आई दवाखान्यात, वडील कामावर, म्हणून थोरली सात्सुकी डबे भरते, धाकट्या मेईला सांभाळते. आईचे घरी येणे लांबल्याचे कळते तेव्हा ती आजीसमोर हुंदके देऊन रडते. अकाली पोक्त झालेल्या मुलीला पुन्हा लहान होऊ देणारे माणूस लागते. आजी ते असते. धाकटी मेई त्याच सुमारास आजीच्या शेतातले मक्याचे कणीस छातीशी धरून एकटीच दवाखान्याकडे निघालेली असते.

प्रतिस्पर्धी हा बालॲनिमेचा फार लाडका प्रकार, आणि त्यात कचराही भरपूर. बहुतेक प्रतिस्पर्धी नायकाला हरवतात, नायक सराव करतो, मग तो त्यांना हरवतो, एवढ्यावर गाडी थांबते. काही मात्र याच्या पुढे जातात. १९९८ सालच्या ‘कार्डकॅप्टर साकुरा’त हाँगकाँगहून आलेला शाओरान जादूचे पत्ते गोळा करायला चौथीतल्या साकुराशी स्पर्धा करतो आणि हळूहळू तिच्यात गुंततो, वाढ साकुराइतकीच त्याची होते. ‘पोकेमॉन’च्या सिनो प्रदेशातल्या पर्वात पॉल नावाचा मुलगा चिमचार या पोकेमॉनला कुचकामी ठरवून सोडून देतो, नायक ॲश त्याला घेतो, आणि तोच पुढे इन्फरनेप होऊन पॉलविरुद्धचा निर्णायक सामना जिंकून देतो. इथे प्रश्न कोण बलवान असा नसून हाताखालच्याला कसे वागवायचे असा आहे. त्यामुळे जिंकण्याला अर्थ येतो.

‘पोकेमॉन’ १ एप्रिल १९९७ रोजी जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाले. नायक ॲश, मूळ नाव सातोशी, दहा वर्षांचा. २०२३ साली त्याची कथा आटोपली तेव्हाही दहाच वर्षांचा. नवा खेळ बाजारात आला की नवा प्रदेश आणि बरोबर नवे सोबती, असा शिरस्ता असल्याने मिस्टी, मे, डॉन अशा मैत्रिणी येत-जात राहिल्या. ॲशला दर वेळी थोडे विसरायला लावून पुन्हा नवशिका केले जाई. व्यापाराची ही बाजू मालिकेला मारक ठरली. तरी चारिझार्डची उपकथा टिकून आहे. मालकाने पावसात सोडून दिलेले चारमँडर ॲशने वाचवले, पण ते मोठे होऊन चारिझार्ड झाल्यावर त्याला जुमानेना. इंडिगो लीगमध्ये रिचीविरुद्धच्या सामन्यात चारिझार्डने लढायलाच नकार दिला आणि ॲश बाद झाला. पुढे ऑरेंज बेटांवर ते एका लढतीत गोठते आणि ॲश रात्रभर हात सोलवटेपर्यंत त्याचे अंग चोळत बसतो. सकाळपासून चारिझार्ड त्याचे ऐकू लागते. बिल्ला मिळवून जे जमले नाही ते शेकोटीशेजारी जमते.

भारतातल्या एका पिढीला या प्रकाराची पहिली ओळख झाली ती १९९३ साली, दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागणाऱ्या मोगलीमुळे. निप्पॉन ॲनिमेशनची ही १९८९ सालची ५२ भागांची मालिका. हिंदी शीर्षकगीत गुलजारांचे, संगीत विशाल भारद्वाजांचे आणि शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा. मालिकेला आधार असलेल्या किपलिंगच्या कथा जिथे घडतात तो सिवनीचा मुलूख नागपूरला लागूनच आहे. पेंचचे जंगल दोन्हीकडे पसरले आहे. मोगलीला एक शिक्षक पुरत नाही. भालू नियम घोकून घेतो, बगीरा नियम कधी वाकवायचा ते दाखवतो, ‘का’ नावाचा अजगर सगळ्यांना भिववतो पण मोगलीच्या बाजूने असतो. मालिकेने भर घातलेला लाल पांडा किची सर्वांत दुबळा, आणि तो बरोबर असला की मोगलीला स्वतःखेरीज आणखी कोणाचे तरी बघावे लागते.

डोरेमॉनबद्दल आईवडिलांची तक्रार ठरलेली: नायक नोबिता आळशी, सगळे आयते मिळते, मुले तेच शिकतात. फुजिको फुजिओ यांची ही चित्रकथा १९६९ च्या अखेरीस सुरू झाली, आज परिचित असलेली मालिका १९७९ साली. महाराष्ट्रातल्या मुलांनी ती बहुतांशी हिंदीतून पाहिली. तक्रार अगदीच खोटी नाही. नोबिताचा खापरपणतू सेवाशी आपल्या घराण्याची दैना सुधारावी म्हणून बाविसाव्या शतकातून डोरेमॉनला पाठवतो, म्हणजे वाढ हेच त्याच्या येण्याचे प्रयोजन. प्रत्यक्षात रोज एकच चक्र फिरते. दांडगट जियान मारतो, सुनिओ हिणवतो, नोबिता रडत घरी येतो, वस्तू मिळते, तिचा हव्यास होतो, फजिती होते. पुढच्या भागात पाटी कोरी. नुसता मदतनीस मुलाला वाढवत नाही याचे याहून मोठे उदाहरण शोधावे लागणार नाही.

पण याच चित्रकथेत १९७४ साली आलेली निरोपाची गोष्ट आहे, आणि ती पुढे अनेकदा पडद्यावर आली. डोरेमॉनला भविष्यात परतावे लागणार असते, पण नोबिताचे कसे होईल या काळजीने त्याचा पाय निघत नाही. आता प्रथमच नड डोरेमॉनची असते: निर्धास्तपणे जाता येणे. त्या रात्री नोबिता जियानशी एकटा भिडतो. मार खातो, पडतो, उठून पुन्हा बिलगतो, सोडत नाही. शेवटी कंटाळून जियानच हार मानतो. खिशातली एकही वस्तू या लढाईत वापरलेली नाही. डोरेमॉन सुजलेल्या नोबिताला घरी आणून झोपवतो आणि सकाळी खोली रिकामी असते. पुढच्याच महिन्यात डोरेमॉन परत आणला गेला, तोही बोललेले खोटे ठरवणाऱ्या औषधाच्या युक्तीने. वाचकांना बरे वाटले असणार. वाढीच्या दृष्टीने मात्र नोबिता पुन्हा पहिल्या घरावर आला. १९८० पासूनच्या चित्रपटांत जियान शूर आणि दिलदार होतो, ही गंमतही याच हिशेबातली. चित्रपटात तो नोबितासह संकटात असतो, घराजवळच्या मोकळ्या मैदानात त्याला नोबिताची गरज फक्त बुकलण्यापुरती.

वय न वाढणाऱ्या मुलांच्या इतर मालिकांत, उदाहरणार्थ १९६९ पासून चालू असलेल्या ‘साझाए-सान’मध्ये, वाढीची अपेक्षाच चुकीची. तिथे सहपात्रे घर जागच्या जागी ठेवण्यासाठी असतात. ‘शिन-चॅन’ त्याच जातीचे, पण १९९६ साली त्याच्या घरात हिमावारी ही बहीण जन्मली. नायक शिन्नोसुके पाचच वर्षांचा राहिला, वात्रटही राहिला, आणि तरी थोरला झाला. पाळण्यातल्या बाळाने न बोलता घडवलेला हा फरक मोजका असला तरी पक्का आहे.

हाच धागा मामोरु होसोदा यांच्या ‘मिराई’ (२०१८) या चित्रपटाने पूर्ण लांबीवर वापरला. चार वर्षांच्या कुनला नवी बहीण नको आहे. घराच्या अंगणातल्या झाडापाशी त्याला बालपणीची आई भेटते, जी त्याच्याहून पसारेवाली आहे. तरुण पणजोबा भेटतात, जे जवळ न बघता लांब बघायला सांगतात आणि त्यावरून कुन सायकल शिकतो. मोठी झालेली मिराईही भेटते. शेवटाकडे तो टोकियो स्थानकात हरवतो. हरवलेल्यांच्या खिडकीवर ओळख विचारतात आणि कुनला कोणाचे धड नाव सांगता येत नाही. तेवढ्यात लहानगी मिराई एकाकी मुलांना घेऊन जाणाऱ्या भयाण गाडीकडे रांगत जाताना त्याला दिसते. तो धावतो, तिला धरतो आणि ओरडून आपली ओळख सांगतो: आपण मिराईचा दादा आहोत.